नालपुरा

ग्वाल्हेरहून जौऱ्याच्या बसमध्ये बसलात
तर बामोरनंतर एक पुलिया लागते.
कठड्यावर चुन्यानं वीटभट्टीचा मोबाईल नंबर लिहिलेला आहे,
शेवटचे दोन आकडे पुसलेले.
तिथे उतरायचं.
कंडक्टर विचारेल, इथं काय आहे?
त्याच्याशी वाद घालू नका.

उत्तरेला मोहरी, मोहरीच्या पुढे जमीन एकाएकी संपते
आणि बीहड सुरू होतं,
पिवळ्या मातीच्या उभ्या घळी.
त्यांत हरवलेल्या म्हशीचा आवाज परत येतो
म्हशीच्या एक दिवस आधी.
दक्षिणेला दगडाची बंद खाण, तळाशी हिरवं पाणी.
पूर्वेला कटैली पंचायत, पश्चिमेला भदरोली,
मधे आमचे एकतीस उंबरे.
कटैली म्हणते, ते भदरोलीचे.
भदरोली म्हणते, ते रेल्वेचे.
रेल्वे म्हणायला आता कोणी नाही.

इतिहास दोन आहेत.
आमच्या घरात सांगतात, सटवाजी निगडे दक्षिणेतून आला
फौजेच्या मागून, तलवार नाही, ऐरण घेऊन.
चिंचेखाली बसला. थांबलेल्या घोड्यांना नाल ठोकले.
म्हणून नालपुरा.
कुशवाहांकडे सांगतात, कसले घोडे?
इथे नाला होता, बारमाही. नाल्याकाठचा म्हणून नालपुरा.
यमुआत्या दोन्ही बाजू शांतपणे ऐकायची
आणि घागर उचलताना म्हणायची,
नाल असो की नाला,
पाण्याला मलाच जायचंय ना?

मग छोटी लाईन आली.
इतकी हळू, की पुढच्या डब्यातून उतरून
बोरं तोडून मागच्या डब्यात चढता येई.
हरविलास पोर्टर टिकिटं सदऱ्याच्या खिशात ठेवायचा,
उधारीवर सुद्धा द्यायचा.
आणि पाटी होती. पिवळी, वर काळी अक्षरं.
जगात तेवढ्या एका जागी आमचं नाव लिहिलेलं होतं,
खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.
समुद्र इथं कोणी पाहिलेला नाही,
पण त्याच्यापेक्षा आपण एकशे ब्याण्णव मीटर वर आहोत
हे पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं.

गाडी बंद झाली तेव्हा कोणी रडलं नाही.
रूळ ट्रकात गेले. स्लीपर रात्रीतून गेले,
आमच्या दाराची चौकट त्यातल्याच एकाची,
उन्हाळ्यात अजून डांबर सोडते.
पाटी यमुआत्यानं शेळ्यांच्या गोठ्यावर घातली,
अक्षरं आतल्या बाजूला.
म्हणजे आमचं नाव सध्या शेळ्या वाचतात.

जनगणनेचा मास्तर आला, लालपुरा लिहून गेला.
लेकीच्या कॉलेजच्या अर्जात गावांची यादी उघडते,
कटैली आहे, भदरोली आहे.
तिनं खालपर्यंत बोट सरकवलं
आणि दाबलं, अन्य.
हरकत नाही. शब्द चांगला आहे.

मराठी उरलीय ती मोजण्यापुरती,
आणि शेळ्या हाकताना.
कुशवाहांची पोरंही शेळीला "चल गं बाई" म्हणतात,
त्यांना वाटतं ही शेळ्यांचीच भाषा.

परवा विहिरीचा गाळ काढताना
माझ्या पाटीत एक नाल आला,
अर्धा गंजलेला, चार भोकं शाबूत.
रामदीनच्या नातवानं धुतला, उलटसुलट पाहिला,
म्हणाला, काका, जीत गए आप.
मी म्हटलं, अरे, सापडला कुठे?
तो विहिरीत वाकून बघत राहिला.

आता तो नाल दुकानात तराजूपाशी असतो.
अर्धा किलोला थोडा कमी भरतो.
गिऱ्हाईकाला माहीत आहे,
वर दोन मिरच्या टाकतो.